सासरचा पहिला नाताळ, घरात पस्तीस माणसं. मी नेमकं काय करायचं?

एकुलती:

नमस्कार मंडळी. लग्न यंदाच झालं. माहेरी आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. आमच्याकडे सण म्हणजे तीन ताटं, एक फोटो आणि दुपारची झोप. सासर कॅथलिक आहे आणि तिथल्या माणसांचं गणित मला अजून जमलेलं नाही. नवऱ्याचे चार काका, दोन आत्या, त्यांची मुलं, सुना, जावई, नातवंडं. वर एक आजेसासूबाई. त्यांना सगळे घाबरतात आणि त्या माझ्याकडे बघून आजवर फक्त हसल्या आहेत. नाताळला ही सगळी मंडळी एकाच घरात उतरतात, २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६च्या सकाळपर्यंत. पस्तीसच्या आसपास डोकी होतील.

नवऱ्याला विचारलं, तिथे असतं काय काय? तो म्हणाला, "काही नाही गं, मजा असते." या उत्तराचं मी काय करू, सांगा.

रात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी जावं का? गेले तर तिथे उठायचं कधी, बसायचं कधी? पस्तीस जणांना भेटी द्यायच्या असतात का? मला गर्दीत तासा-दोन तासांनी डोकं जड होतं, मग थोडा वेळ कोपरा लागतो. त्यावरून 'नव्या सुनेला आवडलेलं दिसत नाही' असं होईल का? आणि सासूबाई म्हणतात, "तू फक्त ये, काही करू नकोस." हे खरं धरायचं का?

ज्यांच्याकडे असा भरलेल्या घराचा नाताळ असतो त्यांनी सांगावं. नुसतं 'छान एन्जॉय कर' नको, प्लीज.


थोरली_जाऊ:

तुला 'अगं' म्हणते, चालेल ना? माझ्या धाकट्या जावांपेक्षाही तू लहान असशील.

शेवटचा प्रश्न आधी घेते. 'काही करू नकोस' हे अजिबात खरं धरू नकोस. सासूबाई मनापासून म्हणतायत, त्यात खोट नाही. पण भरल्या घरात ज्याच्या हाताला काम नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याशी सगळे जपून बोलतात. प्रवास कसा झाला, ऑफिस कुठे, आई-बाबा बरे ना. पस्तीस जणांना हीच तीन उत्तरं देऊन झाली की संध्याकाळपर्यंत तू रडकुंडीला येशील. हातात काम असलं की कोणी मुद्दाम बोलायला येत नाही. लोक शेजारी बसतात आणि बोलणं आपोआप निघतं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मला माणसं कळली ती कांदे चिरताना. दिवाणखान्यात कोणीच कळलं नाही.

मात्र स्वयंपाकघर मागू नकोस. पहिल्याच वर्षी तर नाहीच. तिथे आधीपासून एक सरकार असतं, त्यात मंत्री असतात आणि खातेवाटप कधीच झालेलं असतं. तू गोठा माग.

गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. तो मांडायला एक म्हातारं माणूस आणि चार-पाच पोरं असतात आणि या दोन्ही वयांची माणसं नव्या माणसाला लवकर घेतात. कागदात गुंडाळलेल्या मूर्तींचं खोकं माळ्यावरून खाली येईल. एखाद्या मेंढीचा पाय तुटलेला असेल, तिला भिंतीला टेकवून उभं करायची रीत ठरलेली असेल. आमच्या गोठ्यात मेंढपाळांच्या मागे एक प्लॅस्टिकचा डायनासोर आहे. माझा पुतण्या चार वर्षांचा असताना त्याने तो ठेवला. आता पुतण्याला दाढी आली तरी डायनासोर तिथेच असतो. एका वर्षी नवीन जावयांनी तो नीटनेटकेपणा म्हणून उचलला, तर सगळं घर त्यांच्यावर धावून गेलं. म्हणून नियम एकच: विचित्र दिसलेलं काहीही विचारल्याशिवाय हलवू नकोस.

आणि गव्हाणीत बाळ दिसलं नाही तर ते हरवलंय असं समजून शोधाशोध करू नकोस. २४च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच ठेवतात. बाळाची मूर्ती बहुतेक आजेसासूबाईंच्या कपाटात असेल. मिस्सेहून परत आल्यावर घरातलं सगळ्यात लहान, पण मूर्ती न पाडणारं मूल ती आणून ठेवतं. येशूबाळाला भेटी घेऊन येणारे तीन राजेही तेव्हा पोचलेले नसतात. आमच्याकडे ते खिडकीत उभे असतात आणि पोरं त्यांना रोज वीतभर पुढे सरकवतात. ते ६ जानेवारीला गोठ्यात येतात, तो त्यांचा सण.

गोठा मांडताना एक काका हमखास सांगणार की असा देखावा पहिल्यांदा संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात केला, तोही खरा बैल आणि खरं गाढव आणून. दुसरे काका त्यावर म्हणणार की शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, बैलाचाही उल्लेख नाही आणि गाढवाचाही. दोघांचंही बरोबर आहे. बैल-गाढव आले ते बायबलातल्याच यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातून, 'बैल आपल्या धन्याला ओळखतो' वगैरे. राजे तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या एवढंच. हा वाद आमच्याकडे दरवर्षी त्याच क्रमाने होतो आणि तो झाल्याशिवाय नाताळ लागला असं वाटत नाही. तू मध्ये पडू नकोस, नुसती ऐक. पुढच्या वर्षी तुलाही एखादा संवाद मिळेल.

आता मिस्सा. मनात असेल तर जरूर जा. कोणी आग्रह करतंय म्हणून जाऊ नकोस. गेलीस तर नवऱ्याच्या शेजारी बस, म्हणजे पुढच्या रांगेकडे बघून उठ-बस करता येते. मध्ये सगळे मिळून श्रद्धेची कबुली म्हणतात. एरवी तेव्हा उभं राहून एका ओळीला मान लवतात. नाताळला मात्र देव माणूस झाला त्या ओळीला सगळे गुडघे टेकतात. पहिल्यांदा येणारे तिथे दचकतात, म्हणून सांगून ठेवते. कम्युनियनसाठी, म्हणजे फादरांकडून पवित्र भाकरी घ्यायला, रांग लागेल तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्या माणसाने जागेवरच बसायचं. काही ठिकाणी हात छातीवर आडवे धरून पुढे गेलं तर फादर आशीर्वाद देतात. तिथली पद्धत नवऱ्याला आधीच विचारून ठेव. बसून राहिलीस म्हणून कोणी वळून बघणार नाही, तेवढा भरवसा ठेव.

आणि मिस्सेपेक्षाही, खरं सांगते, मिस्सेनंतरचा तास. रात्रीचा एक वाजून गेलेला असतो. सगळे थंडीत कुडकुडत घरी येतात, चपला-बुटांचा दारात डोंगर होतो, कोणाच्या तरी खांद्यावर नव्या कपड्यांसकट झोपलेलं पोर असतं. बाळ गव्हाणीत ठेवतात, आजी दोन ओळींची प्रार्थना म्हणतात आणि मग एकदम सगळ्यांना भूक लागते. केक कापायची सुरी कोणालाच सापडत नाही. त्या तासाला घरातली न बोलणारी माणसंसुद्धा बोलतात. माझे सासरे वर्षभर हुं आणि हां यापलीकडे जात नसत. पण त्या रात्री खुर्ची उलटी फिरवून बसायचे आणि लहानपणी चौघा भावांत एकच नवा सदरा कसा आला होता ते सांगायचे. मिस्सेला पुढे बसायचं म्हणून तो सदरा आधी थोरल्याने घातला, मग चर्चच्या मागे जाऊन अदलाबदल. दरवर्षी तीच गोष्ट, दरवर्षी सदऱ्याचा रंग वेगळा. सूनबाईंपैकी कोणी रंग दुरुस्त केला की रागवायचे. तो तास चुकवू नकोस. डोकं जड झालं असेल तर संध्याकाळी झोपून घे, पण रात्री जागी राहा.

कोपऱ्याचं सांगायचं तर, कोणाचं तरी तान्हं बाळ मांडीवर घे आणि 'झोपवते' म्हणून आतल्या खोलीत जा. अर्धा तास कोणी हाक मारत नाही. बाळाच्या आईचाही दुवा मिळतो.


पडवीतला:

थोरल्या जाऊबाईंनी झकास लिहिलंय, पण एक पुरुष म्हणून थोडं वेगळं बोलतो.

छापील नाताळ-शुभेच्छापत्रातलं पहिलं समजतात ते १८४३ सालचं. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतलं. मधल्या चित्रात एक मोठं कुटुंब, तीन पिढ्या, टेबलाभोवती पेले उंचावून बसलीये, जणू पत्र वाचणाऱ्यालाच शुभेच्छा देतायत. बाजूच्या चित्रांत गरिबांना अन्न आणि कपडे देणारी माणसं. तेव्हा त्यावर टीका झाली ती एक लहान मूल दारू पिताना दाखवलंय म्हणून. मला मात्र ते चित्र बघताना नेहमी वाटतं की हे टेबल मांडलं कोणी? ते माणूस चित्रात नाही.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे आई आणि दोन काकू. आम्ही भावंडं ज्याला 'नाताळची ऊब' म्हणायचो ती त्या तिघींच्या कमरेवर उभी होती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हे सगळं उघडं पडलं, कारण कुठली चादर कुठे असते हेही बाकी कोणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून भांडी पुरुषांकडे. सक्ती आहे. पहिल्या वर्षी धाकट्या काकांनी तोंड वाकडं केलं होतं, आता तेच मोरीशी टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांना हुकूम सोडतात. आणि खरं सांगू, आम्हा चुलत भावांच्या ज्या गप्पा भांडी घासताना झाल्या त्या पत्त्यांच्या डावात कधी झाल्या नव्हत्या.

म्हणून एकुलतीताई, काम जरूर मागा, पण नवऱ्यालाही बरोबर ओढा. 'मजा असते' असं म्हणणाऱ्याला ती मजा कुठून येते ते एकदा दिसलं पाहिजे.

भेटींबद्दल: पस्तीस जणांना कोणीच देत नाही. बहुतेक घरांत चिठ्ठ्या टाकतात, एकाने एकालाच द्यायचं, रकमेची मर्यादा ठरलेली. तुमच्या नावाची चिठ्ठी टाकलीये का ते विचारा. नवीन माणसाची चिठ्ठी राहून जाते आणि मग ऐनवेळी सगळ्यांचीच पंचाईत होते. पोरांना काही न्यायचंच असेल तर सगळ्यांनी मिळून खेळायचं एकच काहीतरी न्या. वेगवेगळं नेलंत तर कोर्टकचेऱ्या होतील.


रात्रपाळी:

मी नर्स. २५ला माझी ड्युटी असण्याची शक्यता नेहमीच मोठी, कारण आजारपणाला सुट्टी नसते आणि लहान मुलं असलेल्यांना आम्ही आधी सोडतो. आमच्याकडे म्हणून सगळ्यांनी एकत्र जमायचा दिवस २५ नसतो. जो दिवस सगळ्यांना जमेल तो. सुरुवातीला आत्याने 'मग तो नाताळच नाही' असं म्हणून अबोला धरला होता. तिला आमच्या फादरांनीच समजावलं की नाताळचा काळ जुन्या रीतीप्रमाणे १२ दिवसांचा, तीन राजांच्या सणापर्यंत. आणि रशिया-सर्बियातली ऑर्थोडॉक्स चर्चं जुनं ज्युलियन पंचांग पाळतात, ते १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा नाताळ आपल्याकडच्या ७ जानेवारीला येतो. तेव्हा चार दिवस इकडे-तिकडे झाले तर येशूबाळ रागावत नाही.

हे तुम्हाला का सांगतेय, तर पुढे कधी तुमच्या माहेरचा सण आणि इथली गडबड एकावर एक आली, तर तारखेवरून भांडू नका. माणसं जमणं धरून ठेवा, तारीख सोडा. आई-बाबांनाही एखाद्या वर्षी इकडे बोलवा. तीन ताटांची सवय असलेली माणसं पस्तिसांत कशी खुलतात ते बघण्यासारखं असतं. माझे नवऱ्याकडचे एक मितभाषी काका आमच्याकडे येऊन गाण्यांच्या रात्री मोठ्याने बेसूर गायले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारत होते, मी गायलो का खरंच?

गाण्यांचं निघालंच म्हणून, गायचा आग्रह होणार. आवाज नसेल तर टाळ्या धरा. आणि कोणी गिटार काढली की एखादे वडीलधारे 'चर्चची गाणी गिटारवर नकोत' म्हणतील. 'सायलेंट नाइट' १८१८च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्याच साथीवर. हे तुम्ही सांगू नका, नवऱ्याकडून सांगवा.


एकुलती:

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. थोरल्या जाऊबाई, तुम्ही 'अगं'च म्हणा. पडवीतले दादा, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आमच्याकडे भांडी मशीन घासतं." मी विचारलं, मशीनमध्ये कोण लावतं? तो गप्प.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. मी वर चार काका लिहिले, पण त्यांतले थोरले यंदा पावसाळ्यात गेले. हिशेब करताना मी अजून चारच धरते आणि घरातही सगळे चारच धरतात. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ. दारावरची चांदणी तेच लावायचे, जेवणाआधीची प्रार्थनाही तेच म्हणायचे. काकूंसमोर त्यांचा विषय काढायचा की टाळायचा? मी त्यांना फक्त लग्नातच भेटले होते. त्यामुळे मी काही बोललं तर ते उसनं वाटेल असं वाटतं.


थोरली_जाऊ:

बरं झालं लिहिलंस. यात नाजूक असं आहेच, पण अवघड नाही.

विषय टाळू नका. कोणीच नाव काढलं नाही की सगळं घर दोन दिवस त्या नावाभोवती वळसा घालून चालतं आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास काकूंनाच होतो. आमचे सासरे गेले त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून शहाणपणा केला आणि त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मिस्सेनंतर सासूबाईच म्हणाल्या, "सदऱ्याची गोष्ट कोणी सांगणार आहे की नाही?" मग माझ्या नवऱ्याने सांगितली. रंग चुकवला. सासूबाई हसल्या, मग रडल्या, मग केकची सुरी कुठेय म्हणून ओरडल्या.

पोलंडमध्ये २४च्या रात्री कुटुंब जेवायला बसतं ते आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर. त्याआधी एक पातळ पोळीसारखी पांढरी वडी असते, ओप्वाटेक म्हणतात तिला. ती प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातातली थोडी मोडून घेतो आणि त्याला काय हवंय ते तोंडाने सांगून शुभेच्छा देतो. पस्तीस माणसं असली तर प्रत्येकाला प्रत्येकासमोर उभं राहावं लागतं, वर्षभराचा अबोला असलेल्यांनाही. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अवचित कोणी दाराशी आलं तर त्याच्यासाठी, आणि बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठीही. माझ्या नणंदेची एक पोलिश मैत्रीण आहे, तिच्याकडून आम्ही ते ताट उचललं. काकूंना चालणार असेल तरच करा, आणि ते तू सुचवू नकोस, सासूबाईंच्या कानावर घाल. त्यांना पटलं तर त्या बोलतील.

तू बोललीस तर उसनं वाटेल हे मला पटत नाही. तुझ्याकडे एकच आठवण आहे ना, लग्नातली? तीच सांग. काकूंनी ती ऐकलेली नसेल. बाकी सगळ्यांच्या आठवणी त्यांना पाठ आहेत. तुझी एकटीचीच नवी असेल.

आता चांदणी आणि प्रार्थना. ही दोन कामं कोणाकडे जाणार ते २४च्या आधी ठरलं पाहिजे. नाहीतर ऐन दारात सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात आणि ते फार वाईट असतं. प्रार्थना बहुतेक पुढचे काका म्हणतील. चांदणी त्यांच्या मुलांनी किंवा नातवाने लावावी. तू यात पुढे होऊ नकोस, फक्त शिडी धर.


पडवीतला:

शिडीचं लाख बोललात. चांदणीची वायर आणि होल्डर आधी तपासून घ्यायला सांगा. वर्षभर माळ्यावर पडलेली असते, उंदीर कुरतडतात. झाडावरच्या दिव्यांच्या माळांचंही तेच. विजेचे दिवे झाडावर पहिल्यांदा १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी लावले, त्याआधी चक्क मेणबत्त्या लावायचे झाडाला! त्या मानाने आपण सुखी, पण एका प्लगमध्ये पाच माळा खुपसणारे काका प्रत्येक घरात असतात.


एकुलती:

सासूबाईंशी बोलले. ताटाचं ऐकून त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "काकूला मी विचारते." चांदणी थोरल्या काकांचा नातू लावणार, तो दहावीला आहे. गोठ्याचं काम मला मिळालं. बरोबर सात पोरं आणि आजेसासूबाई स्वतः! त्या खुर्चीत बसून सांगणार, आम्ही मांडणार. बाळ खरंच त्यांच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

चिठ्ठी माझी राहिलीच होती. आता टाकली.

झोपायची सोय काय, ते मात्र अजून कोणी सांगत नाहीये. विचारलं की सगळे हसतात.


रात्रपाळी:

हसतात म्हणजे गाद्या ओळीने दिवाणखान्यात. भिंतीकडची जागा संध्याकाळीच उशी टाकून अडवा, मधल्या माणसाला रात्रभर सगळे ओलांडतात. पंख्याखाली आणि मोरीच्या दाराशी झोपू नका. स्वतःचं पांघरूण न्या, नाव घातलेला टॉवेल न्या, चार्जर लपवून ठेवा. आणि कानात घालायला कापसाचे बोळे.